मिक्सर जळल्याचा वास आणि अकरा दिवस

गेल्या ऑक्टोबरातल्या त्या अकरा दिवसांचा राग अजून मनातून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले. थंडीच्या गावात भाड्याच्या घरात राहणाऱ्या आपल्या लोकांना उपयोग होईल. विषय आहे फर्नेसचा, म्हणजे हवा तापवून घरभर सोडणाऱ्या भट्टीचा वास.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही न्यू जर्सीतल्या या घरात आलो. एका ओळीत सहा घरं, प्रत्येकाला आपापलं बेसमेंट, आणि बेसमेंटमध्ये गॅसवर चालणारी फर्नेस. आई सांगलीहून नुकतीच आली होती. शनिवारी रात्री बाहेर ५ अंश झालं, तेव्हा पहिल्यांदा हीट लावली. दहा मिनिटांत व्हेंटमधून, म्हणजे गरम हवा खोलीत येते त्या जाळीतून, करपट वास आला. हा वास मला माहीत होता. उन्हाळाभर आत बसलेली धूळ पहिल्या धगीला जळते. खिडक्या थोड्या उघडून तासभर हीट चालू ठेवली की जातो, फार तर एक दिवस लागतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

रविवारी तो वास गेला नाही, बदलला. आई जिन्याखालच्या व्हेंटजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, ही धूळ नाही. चटणी वाटताना आपला मिक्सर जळला होता ना, अगदी तस्सा वास आहे हा." मी वाकून नाक लावलं. अगदी तोच. तापलेल्या वायरचा, घशात बसणारा, शेवटी किंचित माशासारखा. वायरवरचं प्लास्टिक किंवा मोटरच्या तारांवरचा लेप तापला की असा वास येतो. आईला फर्नेस म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण आत कुठेतरी मोटर आहे आणि ती जळते आहे हे तिने एका श्वासात ओळखलं.

त्याच रात्री लीजिंग ऑफिसच्या, म्हणजे घरं भाड्याने देणाऱ्या ऑफिसच्या, पोर्टलवर तक्रार टाकली. तिथे वासासाठी तीनच पर्याय होते: गॅस, जळका, इतर. मी 'जळका' निवडून खाली चार ओळी लिहिल्या. सोमवारी दुपारी उत्तर आलं: हंगामाच्या सुरुवातीला असा वास येणं नॉर्मल आहे, हीट चालू ठेवा, जाईल. आणि तक्रार बंद. कुणी आलं नाही, कुणी विचारलं नाही.

मी त्यांच्यावर विश्वास ठेवून संध्याकाळी पुन्हा हीट लावली. वीस मिनिटांनी वास आधीपेक्षा उग्र झाला. माझ्या मुलाच्या खोलीत तर डोळे चुरचुरायला लागले. आता मात्र मी ऑफिसची वाट पाहिली नाही, गॅस कंपनीच्या आणीबाणीच्या नंबरवर फोन केला. हे मी सगळ्यांना सांगते: वासाबद्दल शंका असेल तर गॅस कंपनीला बोलवायला लाजू नका. आमच्याकडे माणूस तासाभरात आला, एक पैसा घेतला नाही. हातातल्या यंत्राने प्रत्येक सांधा तपासला. गळती नव्हती. मग त्याने फर्नेसचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, हा वास विजेच्या भागाचा आहे, दुरुस्ती होईपर्यंत चालवू नका. फर्नेसशेजारच्या भिंतीवर दिव्याच्या बटणासारखा एक स्विच असतो, बहुतेक घरांत त्याला लाल पट्टी असते. त्याने तो बंद केला आणि जाताना एका कागदावर हे सगळं लिहून सही करून दिली. पुढे सगळं त्या कागदाने केलं, म्हणून असा कागद मागून घ्याच.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, नाहीतर राहून जाईल. सडक्या अंड्यांचा वास आला तर वरचं काहीही करत बसू नका. आपल्याला सिलिंडरची सवय असते, रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या. इथे दिव्याच्या बटणालासुद्धा हात न लावता सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि बाहेरूनच ९११ या आणीबाणीच्या नंबरला किंवा गॅस कंपनीला फोन करायचा. गॅसला मुळात वास नसतोच, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. १९३७ मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत साठलेल्या गॅसचा स्फोट होऊन जवळपास ३०० जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर टेक्सासने वास मिसळणं सक्तीचं केलं.

तर, मंगळवार. दुसरी तक्रार, 'अर्जंट' वर टिचकी, सोबत त्या कागदाचा फोटो. बुधवारी पोर्टलवर पाहते तर 'घरी कुणी नव्हतं' असं लिहून तक्रार बंद. नवरा दिवसभर घरून काम करत होता, आई पुढच्या खोलीत भाजी निवडत बसली होती, आणि बेल एकदाही वाजली नव्हती. ते वाक्य वाचताना माझे हात थरथरले. घरात ७० वर्षांची बाई, ९ वर्षांचा मुलगा, रात्री पारा ३ अंशांवर, आणि हे लोक दाराशी न येता लिहितात की घरी कुणी नव्हतं.

गुरुवारी फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. ज्या मुलीने फोन उचलला तिने मला तीनदा विचारलं, "पण वास कसा आहे?" मी म्हटलं, इलेक्ट्रिकल, बर्निंग मोटर. ती म्हणाली, म्हणजे डस्ट. मी म्हटलं, नाही. आपल्याकडे करपट, खवट, कुबट, कोंदट, उग्र, ओशट असे किती शब्द आहेत, आणि परक्या भाषेत, परक्या माणसाला, फोनवर वास समजावताना माझ्याकडे एकही शब्द पुरा पडेना. शेवटी मी वास सांगणं सोडलं आणि कागद वाचून दाखवला. तेव्हा तिने तिसरी तक्रार नोंदवली.

शुक्रवारी ऑफिसचा माणूस आला. स्विच चालू केला, व्हेंटपाशी चार मिनिटं उभा राहिला, म्हणाला मला काही वास येत नाही. मी सांगत होते की वीस मिनिटं चालल्यावर येतो, थांबा. तो थांबला नाही. जाताना व्हेंटच्या जाळीत सुवासाची एक छोटी डबी अडकवून गेला. जळणाऱ्या मोटरच्या वासावर लव्हेंडर! वास हाच तर घरातला पहिला इशारा, आणि तोच यांनी झाकायला निघावं? मी स्विच बंद केला, ती डबी काढून कचऱ्यात टाकली. दहा मिनिटांत मोबाइलवर आलं: काम पूर्ण.

म्हणून सांगते, एरवी स्विच बंदच ठेवा, पण माणूस येणार त्याच्या अर्धा तास आधी, त्याला विचारून, हीट लावून ठेवा आणि तोपर्यंत तिथून हलू नका. धूर दिसला तर लगेच बंद करून बाहेर. पण गार फर्नेससमोर उभं राहून कुणालाच काही कळत नाही. मला हे आधी सुचलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

शनिवार, रविवार ऑफिस बंद. आम्ही चौघं एका खोलीत झोपलो. विजेचे दोन हीटर आणले, १५०० वॅटचे. ते थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचे, एक्स्टेंशन बोर्डवर कधीच नाही, आणि अंथरूण-पडदे ३ फूट लांब. आईने आपुलकीने विचारलं, गॅसचा ओव्हन लावून दार उघडं ठेवलं तर? मी तिला हात जोडले. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं जातात तसंच ते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, नाक कितीही तिखट असलं तरी उपयोग नाही, तिथे फक्त अलार्म. त्या रात्री मी अलार्म उलटा करून मागची तारीख पाहिली. या अलार्मचं आयुष्य साधारण ५ ते १० वर्षं असतं, कधी बदलायचा ते मागे छापलेलं असतं. तुम्हीही आज बघा.

सोमवारी मी रजा टाकली आणि पत्र घेऊन ऑफिसात गेले. पत्रात राग नव्हता, तारखा होत्या. कुठल्या दिवशी तक्रार, कुठल्या दिवशी काय उत्तर, रोज रात्री घरातल्या थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमान दाखवणाऱ्या भिंतीवरच्या यंत्राचा, फोटो. आणि खाली न्यू जर्सीचा नियम: तीन किंवा जास्त घरांच्या इमारतीत १ ऑक्टोबर ते १ मे सकाळी ६ ते रात्री ११ निदान ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० अंश, आणि रात्री ६५ फॅरनहाइट तापमान राहील अशी हीट असली पाहिजे. आमच्या फोटोत ५४ होतं. मी म्हटलं, उद्या दुपारपर्यंत लायसन्सवाला टेक्निशियन आला नाही तर हेच पत्र टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, इन्स्पेक्टरकडे जाईल. आठ दिवस ज्यांना वेळ नव्हता त्यांनी माझ्यासमोर बसून पाच मिनिटांत फोन केला.

मंगळवारी सकाळी बाहेरच्या कंपनीचा टेक्निशियन आला. हीट आधीच चालू होती. दारातून आत पाऊल टाकताच तो म्हणाला, मोटर. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. मी तिला मराठीत सांगितल्यावर तिने नुसती मान हलवली आणि त्याच्यासाठी चहा ठेवला.

त्याने फर्नेसमधला हवा गाळणारा फिल्टर बाहेर ओढला. फिल्टर कसला, करड्या लोकरीची गादी होती. आधीच्या भाडेकरूंच्या फोडण्यांचं तेल बसून धूळ चिकट झाली होती, बोट लावलं तर खोबरेल लावलेल्या केसांसारखी ओशट. हवा आत ओढता येत नाही म्हणून ब्लोअरची, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याची, मोटर तापत राहते. मोटर चालायला मदत करणारा कपॅसिटर फुगला होता, शेजारच्या दोन तारांचं आवरण तपकिरी होऊन तडकलं होतं. मोटर, कपॅसिटर, तारा बदलल्या. मग त्याने बर्नरची ज्योत निळी आहे ना ते पाहिलं, ज्योतीची धग हवेला देणाऱ्या धातूच्या कप्प्याला, हीट एक्स्चेंजरला, चीर नाही ना ते पाहिलं, आणि चिमणीकडे जाणाऱ्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजला. सगळं ठीक. तीन तासांचं काम. संध्याकाळी घर ६८ वर आलं तेव्हा मी सोफ्यावर बसून रडले.

फिल्टर आता मीच बदलते, ऑफिसवर सोडत नाही. आमचा १६×२५×१ इंची आहे, माप कडेवर छापलेलं असतं. बाणाची दिशा ब्लोअरकडे. आपल्या स्वयंपाकात फोडणी रोजची, त्यामुळे हिवाळ्यात मी दर महिन्याला उजेडासमोर धरून बघते, पलीकडचं दिसेनासं झालं की नवा. फार दाट जाळीचा महागडा फिल्टर पातळ खाचेत घालू नका, हवा तिथेच अडते. कडेवर मार्करने तारीख लिहा. रंगाचे डबे, वार्निश, ब्लीच फर्नेसजवळ ठेवू नका. त्यांची वाफ ज्योतीत ओढली गेली की रॉकेलसारखा विचित्र वास येतो आणि ब्लीचने आतलं लोखंड गंजतं.

जानेवारीत एकदा बेसमेंटमधून गटाराचा वास आला. तेव्हा मात्र मी कुणालाच फोन केला नाही. फर्नेसशेजारच्या मोरीच्या पाइपात पाणी साठून राहण्यासाठी बाक असतो, ते पाणी कोरड्या हवेने आटतं आणि गटाराची हवा वर येते. एक बादली पाणी ओतलं, वर चमचाभर तेल, म्हणजे पुन्हा लवकर आटत नाही. दुसऱ्या दिवशी वास नव्हता.

दोन हीटरांच्या वाढलेल्या वीजबिलाची प्रत मी नोव्हेंबरातच ऑफिसला दिली. फेब्रुवारीच्या भाड्यातून ती रक्कम वजा झाली. त्यासाठी चार पत्रं लागली, चारही मी जपून ठेवली आहेत, त्या गॅसवाल्याच्या कागदासोबत.