एसएमबी सोडताना मी वर का जात होतो

एसएमबी म्हणजे डायव्हरने पाण्याखालून वर सोडायचा तो नारिंगी लांबट फुगा. खाली माणसं आहेत हे बोटींना त्यावरून कळतं. मालवणला हौसेने एक बुडी मारून आलेल्यांचा याच्याशी संबंध येत नाही, तिथे गाइड तुम्हाला धरूनच असतो. अंदमानात, स्वराज द्वीपला, मी रीतसर शिकायला गेलो. मास्क काढणं, घालणं, होकायंत्र बघत पोहणं, सगळं बिनबोभाट पार पडलं. अडलं ते या फुग्यापाशी.

कृती ऐकायला सोपी. दहा मीटरवर स्थिर व्हायचं, डोक्यावर बोट नाही ना बघायचं, घडी उलगडायची, स्पूलचा, म्हणजे फुग्याला बांधलेल्या दोरीच्या रिळाचा, बोल्ट स्नॅप (अडकवायची कडी) काढायचा, फुंकायचं, सोडायचं. मी फुंकायला घेतलं की निघालोच वर. सर अंगठा खाली करून दाखवायचे. मग खाली या, फुग्यातली हवा काढा, पुन्हा घडी घाला. ती ओली घडी बोटांत राहायची नाही, एक टोक धरलं की दुसरं सुटायचं. बडी, म्हणजे जोडीचा डायव्हर, बिचारा स्वतःच्या गेजकडे (उरलेली हवा दाखवणाऱ्या काट्याकडे) बघत लटकलेला.

बोटीवर विचारलं की एकच उत्तर: "रिलॅक्स करो, लंबी साँस लो." हा काय सल्ला झाला? घसरणाऱ्याला 'घसरू नकोस' सांगण्यातला प्रकार. बरं, गोंधळ त्या लांब श्वासातच होता! छाती भरून श्वास घेतला की शरीर तरंगायला लागतं, पण दोन-तीन सेकंदांनी, म्हणून आधी कळत नाही. नंतर ती हवा फुग्यात गेली तरी फुगा माझ्याच हातात, म्हणजे वर ओढणारी हवा तेवढीच. जरा वर सरकलं की दाब कमी, हवा आणखी फुगते. शिवाय श्वास कोंडून वर जाणं फुफ्फुसांसाठी थेट धोक्याचं. हे कुणी धड सांगितलं नाही, हॉटेलवर बसून माझं मलाच जुळवावं लागलं.

मग बीसीडीतली, म्हणजे अंगातल्या फुगवायच्या जॅकेटमधली, हवा थोडी काढून किंचित जड झालो, नेहमीएवढाच श्वास घेतला, फुंकलं आणि त्याच क्षणी सोडलं. स्पूल बोटांत गरगर फिरलं, मी जागच्या जागी. सरांनी टाळ्या वाजवल्या. पाण्यात आवाज कसला येणार, पण मला पुरेशा होत्या.

फुगा पूर्ण भरायच्या भानगडीत पडू नका. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे अर्धा भरलेला फुगा वर पोचेपर्यंत टम्म होतो. ऑक्टोपसने, म्हणजे टाकीला जोडलेल्या श्वास घ्यायच्या जादा नळीने, भरणं जलद होतं, पण ती हवा टाकीतली, ओढ एकदम वाढते. आधी तोंडाने जमू दे.

वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबाल तेव्हा दोरी ताणलेली ठेवा, नाहीतर फुगा आडवा पडतो आणि लाटांत बोटवाल्याला दिसत नाही. आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: भाड्याचं स्पूल किनाऱ्यावरच पूर्ण उलगडून पुन्हा घट्ट गुंडाळा. आदल्या माणसाने सैल गुंडाळलेली दोरी नेमकी खाली अडकते. स्पूल बीसीडीला अडकवून तर फुगा कधीच सोडायचा नाही. दोरी अडकली तर सरळ हात मोकळा करा, जाऊ दे ते स्पूल. भरपाई मागतील, भरा.