ट्रिक्सी व्हीएममध्ये, नोंद ३: टीएमपी भरला कसा?

डेबियन लिनक्सची १३ वी आवृत्ती, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. घरच्या मशीनवर अजून आधीची आवृत्ती, बुकवर्मच आहे. तिथे हात घालण्याआधी व्हर्ट-मॅनेजरमध्ये दोन व्हीएम (लॅपटॉपच्या आत चालणारे आभासी संगणक) उभ्या केल्या: एकात कोरं ट्रिक्सी, दुसऱ्यात बुकवर्म टाकून त्यावर अपग्रेड. दोघांना २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क. लॅपटॉपच ८ जीबीचा, त्यामुळे एका वेळी एकच व्हीएम चालू ठेवायची, नाहीतर पंखा विमानासारखा ओरडतो.

अपग्रेडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आधी स्नॅपशॉट (परत फिरता येईल अशी व्हीएमची जतन केलेली स्थिती) घेतला, सोर्सेसमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत) बुकवर्म खोडून ट्रिक्सी लिहिलं, मग नवीन पॅकेजेस न घेता साधं अपग्रेड आणि शेवटी फुल-अपग्रेड. पॅकेजेस टाकणाऱ्या-काढणाऱ्या एपीटी ३.० चं नवं रूप मात्र आवडलं. पॅकेजेसची यादी रांगांत, काढायची लाल, टाकायची हिरवी. पूर्वी त्या गिचमिडीतून नेमकं काय उडतंय ते शोधावं लागायचं. सोर्सेसची फाइल नव्या पद्धतीत नेणारी मॉडर्नाइज-सोर्सेस ही कमांडही एका फटक्यात चालली.

खरी गंमत रीबूटनंतर. घरची बॅकअप स्क्रिप्ट व्हीएममध्ये आणून चालवली. ती सगळे फोटो आधी टीएमपीत, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये, एका टार फाइलीत बांधते, मग पुढे पाठवते. अर्ध्यात थांबली: डिव्हाइसवर जागा नाही. डिस्कवर ११ जीबी मोकळी! दोनदा डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) मारलं, तेव्हा शेवटच्या ओळीकडे लक्ष गेलं. टीएमपीसमोर टीएमपीएफएस, आकार ९८० एमबीच्या आसपास.

ट्रिक्सीत टीएमपी आता डिस्कवर नाही, रॅममध्ये असतो आणि रॅमच्या निम्म्यापर्यंतच वाढू शकतो. अपग्रेड केलेल्या मशीनलाही हे लागू होतं, फक्त रीबूट झाल्यावर. रिलीज नोट्समध्ये हे स्वच्छ लिहिलंय. मी वाचलंही होतं, पण "आपल्याला काय फरक पडतो" म्हणून पुढे गेलो होतो.

टीएमपी डॉट माउंट हे युनिट सिस्टिमसीटीएल कमांडने मास्क, म्हणजे बंद करून रीबूट केलं की टीएमपी परत डिस्कवर येतो. करून पाहिलं, चालतं. पण मग स्नॅपशॉटवर परत गेलो आणि स्क्रिप्टमध्येच टीएमपीऐवजी व्हार-टीएमपी (डिस्कवरचं तात्पुरतं फोल्डर) लिहिलं. चूक माझ्या स्क्रिप्टची, सिस्टिमला कशाला वाकवा?

यातही एक मेख आहे. कोऱ्या इन्स्टॉलमध्ये टीएमपीतल्या १० दिवस आणि व्हार-टीएमपीतल्या ३० दिवस न वापरलेल्या फाइली आपोआप पुसल्या जातात. अपग्रेडवाल्या व्हीएममध्ये मात्र इटीसीखाली टीएमपीफाइल्स डॉट डी मध्ये टीएमपी डॉट कॉन्फ सापडली, जी अशा जुन्या फाइली न पुसण्याची पूर्वीचीच पद्धत चालू ठेवते. दोन व्हीएम केल्या नसत्या तर हा फरक दिसलाच नसता.

माळ्यावरचं ३२ बिटचं नेटबुक बुकवर्मवरच राहणार. त्याच्यासाठी ट्रिक्सीत ना कर्नल, ना इन्स्टॉलर.

घरच्या मशीनचा बूट विभाग (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा भाग) आज पाहिला: ४८७ एमबी. नोट्स म्हणतात किमान ७६८ हवेत. डिस्क एन्क्रिप्टेड आहे, बूटला लागूनच एलव्हीएम (बाकीची जागा वाटून देणारी व्यवस्था), त्यामुळे बूट वाढवायला शेजारी जागा नाही. म्हणजे पुढच्या शनिवारी तिसरी व्हीएम, तशीच एन्क्रिप्टेड, आणि त्यात विभाग सरकवायचा सराव.