आडवी मान

आजींनी मान आडवी हलवली. नाही म्हणाल्या, असं समजून मी वळलो.

बल्गेरियातल्या प्लोव्हदिव्ह शहराचा जुमाया चौक. रस्त्याच्या पातळीखाली रोमन स्टेडियमचं अर्धगोल टोक, दुसऱ्या शतकातलं. संगमरवरी आसनांवर सिंहाचे पंजे कोरलेत. मी कितीतरी वेळ ते पंजेच बघत होतो. मग बाकावरच्या आजींना खुणेनं विचारलं, याच्या पुढेही आहे का?

वळलो तर त्यांनी माझी बाही धरली. बाजाराच्या रस्त्याकडे बोट केलं आणि पुन्हा मान आडवी. तेव्हा आठवलं, बल्गेरियात आडवी मान म्हणजे 'हो'!

स्टेडियम खरंच पुढेही आहे. जवळपास 240 मीटर लांब, 30,000 माणसं मावतील एवढं, आणि बहुतेक सगळं त्या रस्त्याखाली. वर चपलांची दुकानं, आइस्क्रीम, बाबागाड्या. एका कपड्यांच्या दुकानाच्या तळघरात तर शर्टांच्या शेजारी त्याच पायऱ्या दिसल्या.

नंतर त्या रस्त्यावर पाऊल आपोआप हळू पडायला लागलं.

आजींनी बाही धरली नसती तर 'एवढंच उरलंय' असं मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं असतं. परक्या गावांत अशी किती 'हो' मी 'नाही' समजून परत आलो असेन?