एक फुल, दोन हाफ

रविवार, रात्र

दिरांच्या लेकीचं बारसं होतं म्हणून सकाळच्या एसटीने साताऱ्याहून रहिमतपूरला गेलो. मी, आई (माझ्या सासूबाई), ओम आणि छकुली. ह्यांना सुट्टी नव्हती. बारसं छान झालं, घुगऱ्या झाल्या, पाळणे म्हणून झाले. पण मनात राहिलं ते एसटीतलं.

ओमला मे महिन्यात बारा पूर्ण झाली. एसटीत ५ ते १२ वयाला हाफ, पुढे फुल. कंडक्टर आले तशी आईंनी नेहमीच्या सवयीने सांगून टाकलं, "पोरांची हाफ द्या मास्तर. अकरावं चाललंय त्याला." त्यांनी ओमकडे बघितलं. पोरगा माझ्या खांद्याला लागलाय, पण अंगाने किडकिडीत, कुणीही अकराचा म्हणेल. ते मशीनवर बटण दाबणार एवढ्यात मी म्हटलं, "मास्तर, बारा पूर्ण झालीत. त्याचं फुल द्या." आई खिडकीकडे तोंड करून बसल्या. ओम एकदा आजीकडे बघत होता, एकदा माझ्याकडे.

फरक किती? पंचवीसेक रुपयांचा. तेवढ्यासाठी सासूबाईंना चार माणसांत तोडून बोलायचं का, हा प्रश्न कुणीही विचारेल. मीही तो मनाशी घोळवला आणि तरी मला वाटतं, बोलायलाच हवं होतं. कारण प्रश्न पोराच्या वयाचा होता आणि पोरगा तिथे बसून ऐकत होता.

आणि त्याच्या वयाची खेचाखेच घरात आधीच चालू आहे, ती दुसऱ्या टोकाने. त्याच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी इन्स्टाग्रामवर खाती काढलीत. तिथली अट १३ वर्षं पूर्ण असण्याची, म्हणून सगळ्यांनी जन्मसाल मागचं टाकलंय. "आई, नुसतं साल बदलायचं असतं, कोण बघतंय," हे गेले कित्येक दिवस ऐकतेय, आणि मी नाही म्हणतेय. आज एसटीत त्याचं वय अकरा होऊ दिलं असतं, तर उद्या फोनवर ते अठरा झालं म्हणून मी कुठल्या तोंडाने रागावले असते? पैसे वाचत असतील तिथे वय कमी आणि काही मिळत असेल तिथे जास्त, एवढं त्याने बरोबर शिकून घेतलं असतं. त्याला कुणी बसवून शिकवायची गरजही पडली नसती.

बस कोरेगावच्या पुढे गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "आजी खोटं बोलली का गं?"

ह्या प्रश्नापाशी मी जास्त वेळ थांबले. हो म्हणावं तर आजी त्याच्या नजरेतून उतरते. नाही म्हणावं तर मीच खोटी. मी म्हटलं, "वय चुकीचं सांगितलं, ते बरोबर नव्हतं. पण तुझ्या आजीची गोष्ट मोठी आहे, घरी गेल्यावर सांगते."

ती आत्ता जेवताना सांगितली, आईंच्या समोरच. आईंनी कितीतरी वर्षं दोन म्हशींवर घर चालवलं. घरोघरी रतीब घालायच्या. दुधात पाण्याचा थेंब नाही, माप शिगोशीग. म्हैस आटत आली की गिऱ्हाइकाला आधी सांगायच्या, आठ दिवसांत दुसरीकडे सोय बघा. तीन पोरांना घेऊन माहेरी जायचं तर एसटीचं एक तिकीट जास्तीचं म्हणजे त्या दिवसाचं कालवण गेलं. तेव्हापासून पोरांचं वय कमी सांगायची सवय लागली, ती आज परिस्थिती पालटली तरी जिभेवर आहे. दुधाच्या गिऱ्हाइकाचा चेहरा त्यांना रोज दिसायचा. एसटी सरकारची, तिला कुठला चेहरा? आपल्याकडे बहुतेकांची सचोटी ओळखीच्या माणसापाशी पक्की असते आणि सरकारी दारात सैल पडते. मला हे फार लागतं.

आई सगळं ऐकून म्हणाल्या, "माझी तर जन्मतारीखच गुरुजींनी टाकलेली." खरंय. आधारवर १ जून आहे. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं, घरात कुणी तारीख लिहून ठेवलेली नसायची, म्हणून गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. गावात त्या पिढीतले निम्मे लोक त्याच दिवशी जन्मलेत. (एसटीचा जन्मही १ जूनचाच, १९४८ सालचा. पहिली गाडी पुणे ते अहमदनगर.) पण गुरुजींना ठाऊक नव्हतं म्हणून त्यांनी अंदाजाने लिहिलं. आपल्याला ओमची तारीख वेळेसकट ठाऊक आहे. हा फरक ओमनेच सांगितला, मला सांगावा लागला नाही.

मग त्याने तिकिटं काढून ताटाशेजारी मांडली. आजीचं शून्य रुपयांचं, कारण ७५ च्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. माझं निम्मं, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धी सवलत आहे म्हणून. छकुलीचं हाफ. "म्हणजे आपल्या चौघांत फुल तिकीट फक्त माझं?" हे म्हणताना पोरगा जरा ताठ बसला होता, मी बघितलं. आजीचे पैसे कोण भरतं, हेही विचारलं. सरकार एसटीला भरून देतं, ते सगळ्यांच्या करातून येतं, असं ह्यांनी सांगितलं.

ह्यांचे एक मित्र एसटीत कंडक्टर आहेत. मधेच चेकिंगवाले चढले आणि फुलच्या जागी हाफ फाडलेलं सापडलं, तर जाब कंडक्टरला विचारतात, हे त्यांच्याकडूनच ऐकलेलं. तेही ह्यांनी सांगितलं. आईंचा हात ताटात थांबला. "त्या मास्तराला बोल लागला असता व्हय? मला काय म्हाईत." मग थोड्या वेळाने ओमला म्हणाल्या, "पुढल्या बारीला तूच सांग रं तुझं वय."

मला तेवढं पुरलं. मी त्यावर काही बोलले नाही, ताक वाढलं.

इन्स्टाग्रामचं भिजत घोंगडं तसंच आहे. तेरावं पुढच्या मे महिन्यात पूर्ण होईल, तेव्हा तिघं बसून बोलू असं ओमला सांगितलंय. वय झालं म्हणजे खातं आपोआप मिळणार असं नाही, हेही आत्ताच सांगून ठेवलंय. त्यावर साहेब फुगून झोपलेत. फुगू देत.