शिमगा उरकला आणि आम्ही वेळासला गेलो

दापोली तालुक्यात समुद्राकाठी आमचं चार खोल्यांचं घरगुती निवास आहे. फाकपंचमीपासून, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, पालखी परत देवळात जाईपर्यंत ते पाहुण्यांसाठी बंद असतं. "काकू, सलग सुट्टी आलीय, एक तरी खोली द्या," असे फोन येतात, पण मी नाही म्हणते. त्या दिवसांत मुंबईहून दीर, जावा, पुतणे सगळे आलेले असतात. रात्री खेळे, म्हणजे घरोघरी नाचत-गात फिरणारी मंडळी, येतात. देवीची पालखी कधी दारात येईल याचा नेम नसतो, आणि ती आली की चुलीवर काय आहे हे बघायला कोणी थांबत नाही. तेव्हा शिमग्यात कोकणात यायचं असेल तर मुक्कामाच्या घरी तारखा आधी नीट विचारून घ्या. काही गावांचे तेरसे शिमगे असतात, म्हणजे होम त्रयोदशीला, काहींचे भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेला, त्यामुळे शेजारच्या दोन गावांचा होमसुद्धा एका दिवशी लागेलच असं नाही. एसटी आणि रेल्वे दोन्हीकडे चाकरमान्यांची गर्दी असते, ती वेगळीच.

पाडव्यानंतर मे महिन्याची धावपळ सुरू होते. त्याआधीचे सात-आठ दिवस मात्र माझे असतात. यंदा मी, धाकटी जाऊ आणि गाडी चालवायला पुतण्या असे तिघं मंगळवारी सकाळी निघालो. हर्णै, आंजर्ले, आडे, केळशी असा समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता घेतला. घाई असेल तर हा रस्ता घेऊ नका. वळणं खूप, रस्ता अरुंद, समोरून एसटी आली की एकाला मागे जावंच लागतं. पण फाल्गुनात इथून जावं ते पांगाऱ्यासाठी. झाडावर पान नाही, नुसती लालभडक फुलं, आणि खाली निळं पाणी. केळशीला महालक्ष्मीचं दर्शन घेतलं, मांदिवलीच्या पुलावरून भारजा नदी ओलांडली आणि जेवायच्या वेळेला वेळासात पोचलो.

वेळास मंडणगड तालुक्यात, नाना फडणवीसांचं मूळ गाव. आता लोक येतात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात आणि खड्डा बुजवून परत जातात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पूर्वी ती माणसं न्यायची, उरलेली कोल्हे-कुत्री खायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये इथे संरक्षणाचं काम सुरू केलं, गावाला सोबत घेतलं, आणि २००६ पासून कासव महोत्सव होऊ लागला. अंडी जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात हलवतात आणि राखतात. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापलेली असेल तर त्यात माद्या जास्त निघतात, हे मला तिथल्या कासवमित्राने, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्याने सांगितलं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत पिल्लं दिसण्याची शक्यता चांगली असते.

शक्यता म्हणते, कारण पहिल्या संध्याकाळी आम्हाला एकही पिल्लू दिसलं नाही. सहाच्या सुमारास घरट्यांवर झाकलेल्या सगळ्या टोपल्या उचलून पाहिल्या, वाळू सपाट. पुण्याहून आलेलं एक कुटुंब लगेच परतीला लागलं, त्यांची लहान मुलगी रडत होती. मला फार वाईट वाटलं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: एका दिवसात जाऊन येऊ नका. संध्याकाळ, दुसरी सकाळ आणि जमल्यास दुसरी संध्याकाळ अशा तीन वेळा तरी हाताशी ठेवा. शनिवार-रविवारी फार गर्दी होते, मधल्या वारी या.

बुधवारी सकाळी सातला पुन्हा गेलो. गावापासून किनाऱ्यापर्यंत चालत जायचं, शेवटी सुरूचं बन लागतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर थोडं आधी निघा. तिसरी टोपली उचलली आणि मधली वाळू जरा खचल्यासारखी दिसली. मग एक काळं नाक वर आलं. बिस्किटाएवढं पिल्लू, पाठीवर वाळूचे कण चिकटलेले, पुढचे दोन पाय वल्ह्यासारखे मारत होतं. मोजली तर अकरा. पाण्यापासून थोडं अलीकडे त्यांना वाळूवर सोडलं. थेट पाण्यात सोडत नाहीत, ती वाट त्यांनीच चालायची असते. एक पिल्लू दोनदा लाटेने मागे फेकलं गेलं, उलटं पडलं, कोणीतरी हात पुढे केला तर कासवमित्र म्हणाला, "थांबा ताई, त्याला येतं." तिसऱ्या लाटेत ते गेलं. जाऊबाईंनी हात जोडले होते, ते कितीतरी वेळ तसेच होते.

बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडेच थांबा. मोबाइलचा फ्लॅश बंद करा, बॅटरी लावू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात. हात लावू नका. मुलांना हे घरूनच समजावून आणा.

राहायला गावातलीच घरं आहेत. मोठं हॉटेल शोधू नका, आधी फोन करून सांगूनच जा. आम्ही उतरलो तिथे शाकाहारी जेवण होतं: कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. एरवी मी वाढते, त्या दिवशी मला वाढणारं कोणीतरी होतं. त्या घरच्या वहिनींनी निघताना सुरंगीचा गजरा दिला, गाडीभर वास दरवळत होता. रोख पैसे जवळ ठेवा आणि मोबाइलला रेंज सगळीकडे मिळेल असं धरून चालू नका.

दुपारी बाणकोटचा किल्ला पाहिला. छोटा आहे, तास पुरतो, पण सावित्री नदीचं मुख आणि पलीकडचं हरिहरेश्वर इतकं छान दिसतं की ऊन उतरल्यावरच जा. रायगडकडून येणाऱ्यांनी बागमांडल्याहून वेशवीला फेरीबोटीने यावं, गाडीसकट खाडी ओलांडता येते. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव करत आंबेतवरून येणार असाल तर पुलावरून वाहतूक चालू आहे ना, तेवढं निघण्याआधी विचारा.

परतताना मंडणगडच्या बाजूला रस्त्याकडेला ओले काजू मिळाले. विकायला बसलेल्या आजींची बोटं चिकाने काळी पडलेली. ओल्या बिया सोलताना हाताला खोबरेल लावल्याशिवाय बसू नका, चीक कातडी जाळतो. कोणी भाव जास्त सांगतोय असं वाटलं तर आधी चार बिया स्वतः सोलून बघा. आम्ही दोघी रात्री ओटीवर बसून सोलत होतो. शनिवारी आलेल्या पाहुण्यांना त्याचीच उसळ वाढली, आणि ती खाता खाता त्यांनी वेळासच्या घराचा नंबर लिहून घेतला.