मरीन ड्राइव्हवरची आतषबाजी आणि पहिली लेन्स

गेल्या दिवाळीत नवा डीएसएलआर घेऊन मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशी उभा राहिलो, तेव्हा अंधारात जास्त प्रकाश आत घेणारी ५० मिमी एफ/१.८ लेन्स न घेतल्याची खंत वाटत होती. पण आतषबाजीसाठी कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिमी लेन्सच अधिक सोयीची, हे त्या रात्री कळले, कारण बाण किती उंच जाऊन फुटेल याचा अंदाज नसताना चौकट रुंद करता येते. दारूकाम स्वतःच प्रकाशमान असल्यामुळे मोठ्या अ‍ॅपर्चरची (म्हणजे लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची) गरज भासत नाही. उलट आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि छिद्र एफ/८ ते एफ/११ इतके लहान ठेवल्यास ठिणग्यांचे रंग पांढरे पडत नाहीत. शटर किती वेळ उघडे राहते यावर रेषांचे तेज नव्हे, तर एका चौकटीत किती फुलोरे उमटतील हे ठरते, आणि मला हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. ट्रायपॉड अर्थातच हवा. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो, म्हणून मलबार हिलच्या दिव्यांवर फोकस साधून मी तो मॅन्युअलवर ठेवला. वाऱ्याची दिशा मात्र आधी पाहावी, कारण धूर आपल्याकडे वळला की नंतरची छायाचित्रे धुरकटच येतात. पुढची खरेदी मी लेन्सची नव्हे, भक्कम ट्रायपॉडची करणार आहे.