काकांच्या हातातली बाटली

रत्नागिरीत घरोघरचे खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळायचं काम मी करतो. मिरकरवाड्याजवळच्या एका घरातून भल्या पहाटे फोन आला, "दादा, टँकचं पाणी काळंकुट्ट झालंय, लगेच या."

टँकमध्ये माकूल होतं, आपल्या समुद्रातली फॅरो जातीची कटलफिश. जाळ्याला चिकटून आलेल्या अंड्यांतून काकांनी ते वाढवलं होतं. लहानपणी त्याला हलणारं भक्ष्यच लागतं, म्हणून रोज जिवंत जवळा मिळवायचा. एवढी माया क्वचितच कोणी करतं.

मी पोचलो तर काका औषधाची बाटली उघडून टँकपाशी उभे. लेबल वाचलं, कॉपर सल्फेट! "काका, ओतू नका!" मी अक्षरशः ओरडलो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर ते चालतं, माकुलाला मात्र ते विष. त्याच्या निळ्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं तांबंच असतं, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला सोसत नाही. शिवाय ते दगड-वाळूत मुरून बसतं आणि नंतरही पाण्यात उतरत राहतं.

साठवलेलं समुद्राचं पाणी तापमान जुळवून घातलं, निम्मं बदललं. पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा स्किमर आधीपासून चालू होता, त्याच्या जोडीला कार्बनची पिशवी टाकली. माकुलाने सोडलेली शाई निवळली तेव्हा ते कोपऱ्यात तळाशी दिसलं. धडाच्या मागच्या टोकाची कातडी घासून गेली होती आणि तिथून समुद्रफेन, म्हणजे त्याच्या अंगातलं कवच, पांढरा दिसत होता, टाचणीच्या डोक्याएवढा.

"रात्री ट्यूब कोणी लावली?"

"नातू पाणी प्यायला उठला होता."

माकूल दचकलं की शाई सोडून उलटं सुसाट सुटतं आणि मागे काच असते. काकांच्या वहीत पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) 1.025, अमोनिया शून्य, सगळं चोख. पण या प्राण्याला पाण्याइतकाच निवांतपणा लागतो, असं माझं ठाम मत आहे. तीन बाजूंना काळा कागद लावला, रात्रीसाठी मंद दिवा ठेवला, मागच्या काचेजवळचे दगड काढले. जखमेवर काहीही लावलं नाही. आपटणं थांबलं तशी कातडी हळूहळू धरली आणि काठीला लावलेली कोळंबी ते पुन्हा घेऊ लागलं.

तरी काकांना स्पष्टच सांगितलं: या जातीचं नुसतं धड 40 सेंटीमीटरपर्यंत वाढतं, तीन फुटी टँकमध्ये ते परत आपटणारच. त्यांनी पडवीत गोल टाकी बांधायला घेतली आहे. गोल अशासाठी, की कोपरा नको.